पाठीवरचे घर

मराठी भाषेला तंबू नवा नाही. तंबू, राहुटी, पाल, डेरा, कनात, मेख, तणावा असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत. मात्र हे सारे ओझे वाहायला पूर्वी बैल, घोडे आणि उंट असत. आजही आमच्या सेनगावच्या शिवारात मेंढपाळ उतरतात, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवरून येते. डोंगर भटकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ घोडा नसतो. त्याचे घर त्याच्याच पाठीवर! मग ते किती हलके असावे? हा हिशेब मी एकदा साफ चुकवला आणि त्याचा भुर्दंड माझ्या मित्राला पडला. तो हिशेब आता नीट मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात आम्ही चौघे रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघालो होतो. वर्गणी काढून तंबू घ्यायचे काम माझ्याकडे होते. दोघांसाठी अवघ्या १.१ किलोचा तंबू मिळाला, याचा मला कोण अभिमान! दुसऱ्या जोडीजवळ उसना आणलेला ३.६ किलोचा जुना तंबू होता. वाटेत आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली. रात्री मात्र थट्टा आमच्यावर उलटली. पहाटे दोनच्या सुमारास मित्राने मला हलवले. त्याचे पांघरूण पिळावे इतके ओले होते आणि तो थंडीने कुडकुडत होता. सकाळी त्याला ताप भरला. गड पाहायचा राहिला. आम्ही त्याला धरून पाचनईत उतरवले आणि एका घराच्या ओसरीत दिवस काढला. जड तंबूतली जोडी कोरडी होती.

तंबू गळला, असे आम्ही धरून चाललो. पण तो गळला नव्हताच! कापडाला कोठे भोक नव्हते, शिवण उसवलेली नव्हती. पाणी आमचेच होते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरभर तरी वाफ सोडतो. आमचा तंबू एकाच कापडाचा होता. बाहेर थंड पाऊस, आत दोघांची ऊब, आणि मध्ये हवा न जाऊ देणारे कापड. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसेच झाले. त्यात पाऊस येतो म्हणून मीच सगळ्या झडपा बंद केल्या होत्या. मित्र उंच, त्याचे पाय आणि डोके भिंतीला टेकत होते. भिंतीचे पाणी पांघरुणाने टिपून घेतले.

आमची पावसाची कल्पनाच मुळी आमच्या गावची. हिंगोलीकडे वर्षाला ८००-९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो सरीने येतो, झोडपतो आणि जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरासारख्या ठिकाणी तोच ५००० मिलिमीटरच्या वर जातो. तेथला पाऊस धुके घेऊन मुक्कामाला येतो. अशा हवेत तंबू सुकण्याची सोयच नाही. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात दुपदरी तंबू बरा. आत जाळीचा एक पदर, त्यावर चार बोटे अंतर सोडून पाणी न शिरणारे आच्छादन. थेंब धरले तरी बाहेरच्या पदराला धरतात आणि त्यावरून ओघळून जमिनीवर जातात. वर-खाली हवेला वाट हवी आणि पाऊस असतानाही ती उघडी ठेवता आली पाहिजे. शिवाय जाळीमुळे विंचूकाट्याची भीती राहत नाही, हा आणखी एक फायदा.

घरी आल्यावर ही हकीकत मी आजोबांना सांगितली. ते नर्सीहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीत कित्येक वर्षे चालले. दिंडीच्या राहुट्या ट्रकमधून येतात. आजोबांच्या खांद्यावर पडशी आणि प्लास्टिकचा एक कागद एवढेच असे. ते म्हणाले, "आरं, वजन काय नुसतं दुकानातल्या काट्यावर असतंय व्हय? भिजलेलं धोतर घेऊन चार कोस चालून बघ!" सकाळी आमचे ओले अंथरूण-पांघरूण पाठीवर घेतले तेव्हा वाचवलेले वजन कोठे गेले, ते मला तेव्हा कळले.

हलकेपणाचे वेड आपलेच आहे असे नाही. अमेरिकेतील एमा गेटवुड या बाईंनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन डोंगररांगेतील सुमारे ३३०० किलोमीटरची वाट एकटीने पायी पुरी केली. पाठीवर स्वतः शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आजोबांना हे सांगितल्यावर त्यांनी "मग!" एवढेच म्हटले. पण या दोघांच्या ओझ्यात एक साम्य आहे. काय सोडले म्हणजे काय सोसावे लागेल, हे दोघांनाही ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते.

आता दुकानात काय पाहावे ते सांगतो. पहिली गोष्ट वजनाची. चिठ्ठीवर पुष्कळदा 'किमान वजन' छापलेले असते. त्यात मेखा, तणावे आणि पिशवी धरलेली नसते. आम्ही पुढे घेतलेला तंबू चिठ्ठीवर १.६ किलोचा होता. मोंढ्यातल्या काट्यावर सगळ्या सामानासह तो २ किलो भरला. दोघांत वाटला म्हणजे माणशी एक किलो. एकाने कापड घ्यावे, दुसऱ्याने काठ्या आणि मेखा.

दुसरी गोष्ट कापडाची. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. ७० डेनियरचे कापड दणकट पण जड. हलक्या तंबूंत ते २०, कधी १० पर्यंत उतरते. ते जपून वापरावे लागते. कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला असता पाणी झिरपू लागते, तो आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. नायलॉन ओले झाले की सैलावते, म्हणून झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढावेत. पॉलिएस्टर कमी सैलावते. पॉलियुरेथेनचा लेप दमट जागी चिकट होऊन सुटू लागतो. तेव्हा घरी आल्यावर तंबू पुरता वाळवल्याशिवाय घडी करू नये. सिलिकॉनचा लेप जास्त टिकतो, मात्र त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही. शिवणी आपणच सिलिकॉन लावून बुजवाव्या लागतात.

तिसरी गोष्ट उभारणीची. काही हलके तंबू हातातल्या चालायच्या काठ्यांवरच उभे राहतात, म्हणजे वेगळ्या काठ्यांचे वजन वाचते. पण त्यांचा सारा जीव मेखांत. कातळावर मेख शिरत नाही. तेथे तणावे मोठ्या दगडांना बांधावे लागतात. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू अशा जागी सोयीचा, तरी वाऱ्यात त्यालाही बांधलेच पाहिजे. काठ्या ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात. फायबरच्या जड असतात आणि चिरतात. शेवटी, तंबूत आडवे होऊन पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे! खाली अंथरायचा कागद तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान कापावा. बाहेर राहिलेली कड पावसाचे पाणी थेट अंगाखाली आणते.

नवा तंबू आम्ही रब्बीत घेतला. पाऊस नव्हता, पण मामाच्या हरभऱ्यात तुषार चालू होते. त्या धारेखाली धुऱ्यावर तंबू ठोकून मी आणि माझा तो मित्र तासभर आत बसलो. मामा बांधावरून आम्हाला वेड्यात काढत होते. पाऊण तासाने एका शिवणीतून थेंब पडला, तो नेमका माझ्या मानेवर! मित्र म्हणाला, "बरं झालं, या वेळी तुझ्यावर पडला." शिवण बुजवली, पुन्हा तुषाराखाली बसलो आणि कोरडे बाहेर आलो.

गेल्या ऑगस्टात आम्ही त्याच वाटेने गेलो. अभयारण्यात मुक्काम कोठे चालतो, ते आधी वनखात्याकडे विचारून घेतले. रात्रभर पाऊस होता. पहाटे मी हात लांबवून मित्राचे पांघरूण चाचपले. कोरडे होते. नवा तंबू जुन्यापेक्षा ९०० ग्रॅम जड. त्यातले निम्मे मित्राच्या पाठीवर, निम्मे माझ्या. मित्रहो, वजन जरूर कमी करा. भांडी कमी न्या, कपडे कमी न्या. पण शेजारी झोपणाऱ्याच्या कोरड्या पांघरुणातून ते कमी करू नका. त्या दिवशी आम्ही गड पाहिला.