शाकाहारी ताटात भाजी किती? आहार, मन आणि म्हातारपण

विषयाला हात घालण्याआधी एक छोटा हिशेब करू. काल दिवसभरात आपण काय खाल्लं ते आठवा. सकाळी चहा-बिस्किट, मग पोहे. दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, वरण-भात. संध्याकाळी पुन्हा चहा आणि खारी. रात्री खिचडी-पापड. सगळं शाकाहारी आहे. पण यात पालेभाजी कुठे आहे? फळ कुठे आहे? उसळ? घरात दोघंच उरलेली किंवा एकटी राहणारी वडीलधारी मंडळी तर पुष्कळदा अशीच जेवतात. म्हणून आज आम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की शाकाहारी असणं वेगळं आणि ताटात भरपूर भाज्या, फळं, कडधान्यं असणं वेगळं. मनाला आणि उतारवयाला उपयोग होतो तो दुसऱ्या गोष्टीचा.

आधी मनाचं बघू. ऑस्ट्रेलियातल्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले ६७ जण त्यात होते. बहुतेकांचे उपचार आधीपासून चालू होते. एका गटाला आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, सुकामेवा यांवर भर देणारा आहार शिकवला. त्यात मासे आणि थोडं मांसही होतं. दुसऱ्या गटाशी तेवढाच वेळ कुणीतरी आपुलकीने गप्पा मारल्या. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांचं नैराश्य जवळपास ओसरलं होतं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. प्रयोग लहान होता, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, हेही सांगायला हवं. म्हणून आहार हा उपचाराला जोड आहे. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

हे घडतं कसं? भाज्या-कडधान्यांतला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतो. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर सांभाळतात आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात. दाह आणि नैराश्य यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. ‘आनंदाचं रसायन पोटात बनतं’ असं आपण ऐकतो. सेरोटोनिनचा मोठा भाग आतड्यात बनतो हे खरं, पण तिथलं सेरोटोनिन थेट मेंदूत शिरत नाही. मामला तेवढा सोपा नाही.

आता म्हातारपण. शिकागोतल्या ९६० वृद्धांच्या अभ्यासात, २०१८ साली, असं दिसलं की रोज साधारण एक वाढप पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती जवळजवळ न खाणाऱ्यांपेक्षा सावकाश उतरत होती. फरक जणू ११ वर्षं तरुण असण्याइतका होता. पण हे निरीक्षण झालं. २०२३ साली ६०४ लोकांवर तीन वर्षांचा प्रत्यक्ष प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा अशा आहाराचा ठळक वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा ‘पालक खा, विसरणं थांबेल’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. सत्तरीत एकदम काही पदरात पडेल अशी अपेक्षा न ठेवता चाळिशी-पन्नाशीपासूनची सवय म्हणून याकडे बघावं. रक्तदाब, साखर, हृदय यांना त्याचा फायदा होतोच, आणि मेंदूही त्याच रक्तवाहिन्यांवर जगतो.

मग किती खायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. बटाटा या भाज्यांत मोजायचा नाही. आपल्याकडे यासाठी परदेशी काही आणायला नको. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, माठ आहेत. मटकी, मूग, चवळी आहेत. जवसाची आणि कारळ्याची चटणी आहे. दात नसतील तर पातळ भाजी करा, कोशिंबिरीला गाजर-काकडी किसून घ्या, फळ शिजवून द्या. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वनस्पतींत बी-१२ जीवनसत्त्व भरवशाचं मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आपल्याकडची ही कमतरता वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. वयानुसार ते शोषलंही कमी जातं. मधुमेहाची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावरही कमी पडू शकतं. विसरभोळेपणा, उदासी, पायाला मुंग्या, तोल जाणं ही त्याची लक्षणं असू शकतात. आई-बाबांबद्दल ‘वय झालं आता’ म्हणून आपण ती सोडून देतो. तसं करू नका. साध्या रक्ततपासणीत कमतरता समजू शकते, आणि वेळेत उपचार केले तर बऱ्याचदा सुधारणा होते. फार उशीर झाला, तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

तेव्हा घरी गेल्यावर दोन गोष्टी करू या. उद्याच्या ताटात एक पालेभाजी आणि एक उसळ. आणि घरातल्या ज्येष्ठांची बी-१२ तपासणी शेवटची कधी झाली, हा प्रश्न.