संकोच नको, विलंब नको

लखनौच्या चारबाग स्थानकातून मुंबईस निघालेल्या कित्येक कुटुंबांचे गंतव्य असते परळचे, १९४१ साली स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय. कुणाबरोबर कर्करोगाने ग्रासलेला कोवळा मुलगाही असतो.

जननपेशींचा कर्करोग बालकांस व तरुणांस होतो. गर्भावस्थेत या पेशी वाटेत मागे राहिल्यास माकडहाडाजवळ, छातीत वा मेंदूतही गाठ उद्भवते. एरवी ती वृषणात किंवा बीजकोषात होते. वृषणाची न दुखणारी सूज मुले लाजेपायी दडवितात. १९७० नंतरच्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध आले आणि पसरलेला रोगही बहुधा बरा होऊ लागला.

मातापित्यांनो, सूज दिसताच डॉक्टरांकडे जा. उपचारार्थ जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेच्या शयनयान वर्गात भाडे माफ आहे; दवडलेला काळ मात्र परत मिळत नाही.