झाकणावरचा विस्तव

मावशीने झाकण उचललं नाही. ती नुसती वाकली, टोपाच्या काठाशी नाक नेलं आणि म्हणाली, "गूळ कच्चा आहे अजून. दहा मिनिटं." ही दहा मिनिटं घड्याळातली नव्हेत, कारण मागच्या पडवीत घड्याळच नाही. तीन दगडांवर पितळी टोप, त्याच्याखाली राखेत अर्धवट बुजवलेले चार-पाच निखारे. टोपावर लोखंडी परात आणि परातीत खालच्याच्या दुप्पट निखारे. खाली नावापुरता विस्तव, डोक्यावर खरी आग. आत धोंडस होत होतं.

हे घर जोयड्यात, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलभागात. मावशी सावंतवाडीकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा सासर जुन्या सुप्याला होतं, काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर. तालुक्याचं गाव तेच. पुढे काळीवर धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. धरणाला मात्र अजून सुप्याचंच नाव आहे. घर हलवताना लाकूडसामान विकलं, देव आणि भांडी बरोबर आणली. हा टोप त्यातलाच. मावशी कोणाला तो उचलू देत नाही, घासायलासुद्धा.

धोंडस म्हणजे काकडीचा केक, असं शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. गोव्यात त्याला तवसळी म्हणतात. पावसाळ्यात वेलावर मोठं होऊन पिवळं पडलेलं तवसं मावशी सोप्याने बांधून आढ्याला टांगते आणि डिसेंबरपर्यंत एकेक उतरवते. तवसं किसायचं, त्याचं पाणी फेकायचं नाही. तांदळाचा जाडसर रवा कोरडा भाजायचा, तो तवशाच्या पाण्यात आणि किसात शिजवायचा, मग गूळ, ओलं खोबरं, काजू, वेलची, चिमूटभर मीठ. टोपाला तूप, तळाशी हळदीचं पान, पान नसेल तर केळीचं. त्यावर हा गोळा थापला की पुढचं काम विस्तवाचं. तासभर तरी लागतो. खालून जास्त धग लागली तर गूळ करपतो आणि वर पीठ ओलं राहतं, म्हणून आग वर. ओलं, जड, गोड काहीतरी सावकाश आळवायचं असेल तर याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

आणि तिथेच माझी चूक झाली. पुण्यात मी रविवारी सकाळी स्कोन करतो. विजेचा ओव्हन, काचेतून दिसणारा पिवळा दिवा, 220 अंश, पंधरा मिनिटं. मावशीची परात पाहून वाटलं, हाही ओव्हनच, फक्त वायर नाही. म्हटलं, उद्या मी करतो.

"काय करतोस?"

स्कोन. मैदा, लोणी, थोडी साखर, ताक, सोडा. बिस्किटापेक्षा मऊ, पावापेक्षा भुसभुशीत, आतून पदर सुटलेला. उच्चार स्कोन की स्कॉन, यावर खुद्द इंग्रजांचं एकमत नाही, तेव्हा मीही आग्रह धरला नाही. मावशीने ऐकून घेतलं आणि निकाल दिला: "म्हणजे सुकं धोंडस." मग थोड्या वेळाने, "कॅसलरॉकच्या साहेबाचं खाणं." कॅसलरॉक याच तालुक्यातलं. 1961 पर्यंत पोर्तुगीज गोव्याच्या वेशीवरचं रेल्वे स्टेशन, गाडी थांबवून जकातवाले सामान उघडून बघायचे. इकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात साहेब म्हटला की तो कॅसलरॉकलाच उतरतो.

खरं तर स्कोन मुळात साहेबाच्या ओव्हनचा नाहीच. स्कॉटलंडमधल्या गरिबांच्या चुलीवर, जाड लोखंडी तव्यावर तो भाजला जाई. ओट किंवा जवाच्या पिठाची मोठी भाकरीच ती, चार तुकडे करून खायची. 1513 साली पुऱ्या झालेल्या एका स्कॉट काव्यानुवादात हा शब्द आढळतो, तेव्हा सोडाही नव्हता आणि बेकिंग पावडरही. ती पावडर 1843 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. त्यानंतर स्कोन फुगला, गोरा झाला आणि चहाच्या टेबलावर चढला. तव्यावरची भाकरी ते चांदीची बशी, हा प्रवास मावशीला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाकरीच ती. मग एवढं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ घेतलं. जोयड्यात डिसेंबरची सकाळ चांगलीच गार असते. कुळागरातल्या पोफळींवरून दव टपटपत होतं आणि विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं लोणी दगडासारखं झालं होतं. पुण्यात यासाठी मला फ्रीझर लागतो.

पाव किलो मैदा, त्यात पन्नास ग्रॅम लोणी. मावशी कढलं घेऊन उभी. शंकरपाळ्या, करंज्या, चिरोटे, आयुष्यभर तिने मोहन घातलं ते कडकडीत. गरम तूप पिठात चर्र झालं पाहिजे, पिठाचा मुटका वळला पाहिजे. मी थंड लोणी घालतोय आणि तळहात लागू न देता नुसत्या बोटांच्या टोकांनी ते पिठात चुरतोय, हे तिला बघवेना. पण दोन्हींचं काम वेगळं आहे. गरम मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं, पीठ चिवट होऊ देत नाही, म्हणून शंकरपाळी सगळीकडून सारखी खुसखुशीत होते. थंड लोणी मात्र पिठात विरघळायला नको असतं. त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे तसेच राहायला हवेत. आच लागली की ते वितळतात, जागा रिकामी होते, लोण्यातल्या पाण्याची वाफ त्या जागा उचलून धरते, आणि पदर सुटतात. मावशीने पिठात हात घातला, चिमटीत घेऊन पाहिलं. "रव्यासारखं झालंय. कसं वळणार हे?" वळायचं नाहीच, म्हटलं. नुसतं गोळा करायचं.

घरच्या लोण्याची एक गंमत मला ठाऊक नव्हती. दुकानातल्या पिवळ्या बटरपेक्षा ताज्या लोण्यात पाणी आणि ताक जास्त. मी पुण्याच्या सवयीने पाऊण वाटी ताक ओतलं आणि पिठाचं थालीपीठ झालं. मावशीने काही न बोलता मूठभर मैदा वरून पेरला. दुसऱ्या खेपेला अर्ध्या वाटीत काम झालं.

सोडा आणि ताकाचं तिला सांगावं लागलं नाही. ताक आंबट हवं, सोडा अर्ध्या चमच्याच्या वर नको, नाही तर साबणाची चव येते, हे तीच मला बजावत होती. आंबटाला सोडा भेटला की वायू सुटायला लागतो, तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून ताक पडल्यावर हात चालवायचा. मळायचं नाही, दाबून एकदा घडी, पुन्हा एकदा घडी, बोटाच्या दीड पेराएवढी जाड थापी. स्टीलच्या वाटीने कापताना वाटी सरळ दाबायची आणि सरळ उचलायची. पिळली तर कड चिकटते आणि स्कोन एका अंगाने वर येऊन मान टाकतो. मावशीने कापले ते सगळे पिळून. करंजीच्या कडा दुमडणारा हात, तो कड मोकळी कसा सोडेल?

पहिली खेप धोंडसाच्याच विस्तवावर लावली. त्याच टोपात, खाली चार निखारे, वर परातभर. पाच मिनिटांनी लोण्याचा वास आला, दहा मिनिटांनी तोच, वीस मिनिटांनीही तोच. झाकण उघडलं तर पाचही स्कोन एकमेकांना टेकून पसरलेले, अंगावर तुपाचा घाम. चाळीस मिनिटांनी काढले ते पांढरे, चपटे आणि टणक. धोंडसाला सोसेल ती मंद आच स्कोनला मारक ठरली. आच मंद असली की लोणी आधी वितळून वाहतं, सोड्याचा वायू उडून जातो आणि हे सगळं उरकल्यावर मग सावकाश पीठ घट्ट होतं. स्कोनला पहिल्या पाच मिनिटांतच दणका बसावा लागतो. मावशीने ते चहात बुडवून खाल्ले. "टोस्ट म्हणून बरे आहेत," म्हणाली. नावडत्या पदार्थाला दुसरं नाव दिलं की तो तिला खपतो.

मग मी म्हटलं, टोप आधी रिकामाच तापवू या, चांगला अर्धा तास. मावशीने टोपावर दोन्ही हात ठेवले.

"कल्हई उतरेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील 232 अंशांना वितळतं. टोपात ओलं धोंडस असतं तोवर आतलं पाणी त्याला फार तापू देत नाही. रिकामा टोप निखाऱ्यांत तापवला तर कल्हई थेंबाथेंबाने गोळा होऊन तळाला बसेल, आणि उघड्या पितळेवर ताकाचं पीठ ठेवायचं म्हणजे कळकलेलं खायचं. आता कल्हईवालाही दारावर येत नाही. मी ज्याला ओव्हन समजत होतो त्याची मर्यादा मावशीला अंशांत नव्हे, पण नेमकी माहीत होती.

माळ्यावरून बिडाची कढई काढली. तळाला दोन इंच जाडं मीठ, मिठावर तिवई, तिवईवर ठेवायला अॅल्युमिनियमची ताटली. झाकण तीच परात. विस्तवासाठी जंगलातलं लाकूड नाही. आता तिथे व्याघ्र प्रकल्प आहे, शिवाय मावशीच्या मते ते लाकूड धूरच जास्त करतं. माडाच्या करवंट्या. करवंटीचा निखारा लवकर फुलतो, लाल नव्हे तर जवळजवळ पांढरा होतो आणि धग भरपूर देतो, पण तितक्याच लवकर मरतो. धोंडसाला मावशी तो कधी वापरत नाही. आज तिनेच सुचवला.

अर्ध्या तासाने परात सरकवून तिने तापल्या ताटलीवर चिमूटभर मैदा टाकला आणि पुटपुटत मोजायला लागली. दहाच्या आत मैदा काळा. "जास्त." खालचे दोन निखारे ओढून काढले. पुन्हा चिमूट. या वेळी विसापर्यंत जाऊन मैदा गव्हाळ झाला. मग ती माझ्याकडे वळली. "घाल."

परात उचलायची ही वेगळीच विद्या. घाईने उचलली तर राख आत पडते. ती दोन्ही बाजूंना पकड लावून आधी आडवी सरकवायची, मग उचलायची, आणि वाऱ्याकडे पाठ करून. पाच स्कोन ठेवले, वरून नुसतं दूध पुसलं, परात परत. कडेने ओला फडका गुंडाळला. तीन मिनिटांत वाफेचा सूर, फडक्याच्या फटीतून. मग लोण्याचा वास, पण या वेळी तो थांबला नाही, त्याच्यात भाजक्या पिठाचा वास मिसळला, आणि त्यामागून साखर तांबूस होते तो. मी घड्याळ पाहत होतो, मावशी डोळे मिटून होती. तेराव्या मिनिटाला तिने परात सरकवली. मी पंधरा म्हणणार होतो.

डोकी तांबूस, बाजू पांढऱ्या, मधोमध कमरेला फाटलेले. चार सरळ उभे, पाचवा मान वाकडी करून. तो तिच्या वाटीचा.

इंग्लंडात डेव्हन आणि कॉर्नवॉल हे दोन परगणे स्कोनवर आधी साय की आधी जॅम यावर भांडतात. त्यांचं ते क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर दूध तासन्‌तास तापवून वर धरलेली जाड साय. आमच्याकडे रात्रीच्या दुधाची साय होती आणि जॅमऐवजी काकवी. हाताने फोडायचा, सुरी लावायची नाही. मावशीने आधी काकवी घातली, मग साय, मग चव घेऊन वर चार दाणे मीठ. ते मीठ मला पुण्यात कधी सुचलं नव्हतं. तिचा अभिप्राय: "बरं आहे. पण पोट भरल्यासारखं वाटत नाही." अर्ध्या तासाने ती दुसरा खात होती.

तीन खेपा झाल्या. तिसरीला करवंट्या दमल्या होत्या, स्कोन जरा फिकेच निघाले. मी नव्या करवंट्या टाकायला निघालो तर मावशीने हात धरला. जुने भट्टीवाले असंच करतात, हे मला मागाहून आठवलं: भट्टी कडक असताना पाव, उतरतीला लागली की बिस्किटं आणि टोस्ट. तिने कढई बाजूला केली, ओला फडका दोरीवर टाकला आणि आत जाऊन आढ्यावरचं शेवटचं तवसं उतरवलं.

"विस्तव आता कुठे शहाणा झालाय," म्हणाली, आणि किसणी माझ्यापुढे सरकवली.