बघता बघता टकळी

सेवाग्रामला एका आजींपुढे टकळीवर सूत कातणं शिकायला बसले होते. उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला गिरकी द्यायची, डाव्या हातातल्या पेळूतून धागा ओढत न्यायचा. माझी नजर सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे. "माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली? हाताकडे पाह्य," त्या म्हणाल्या. पाहिलं. सगळं समजलं असं वाटलं. टकळी हातात घेतली आणि तिसऱ्याच गिरकीला धागा तुटला.

बघताना मेंदू स्वस्थ बसलेला नसतो. १९९०च्या सुमारास इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत काही विलक्षण पेशी आढळल्या. माकडाने स्वतः खाऊ उचलला की त्या चेतत, आणि दुसऱ्याने उचललेला नुसता पाहिला तरीही चेतत. याच त्या 'मिरर न्यूरॉन' पेशी. बघतानाच हालचालीचा कच्चा आराखडा असा तयार होत असावा.

अनुकरण आंधळंही नसतं. २००२ सालच्या एका प्रयोगात मोठ्या माणसाने कपाळ टेकवून दिवा लावला. त्याचे हात मोकळे होते तेव्हा १४ महिन्यांच्या बऱ्याच बाळांनीही कपाळच टेकवलं. हात पांघरुणात अडकलेले दिसले, तेव्हा मात्र बहुतेकांनी सरळ हाताने दिवा लावला. 'असं का केलं?' हेही ती बघत होती!

पण पीळ किती बसला, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांना कळतं. ओढ जास्त झाली की धागा तुटतो, कमी पडली की पीळ चढून वेटोळी होतात. अपेक्षा काय होती आणि घडलं काय, यातला फरक लहान मेंदू टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. तुटलेला धागा ही त्याच्यासाठी मोलाची खबर असते.

हातांनी शिकण्याचा हाच विचार शाळेतही आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचं रूप दिलं, आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामला तो जगून दाखवला. तिथली आनंद निकेतन शाळा आजही मुलांना शेतात आणि स्वयंपाकघरात नेते. याउलट, फळ्यावरचं नुसतं वहीत उतरवणं म्हणजे नक्कल. तिला अनुकरण म्हणायला माझं मन धजत नाही.

चौथ्या दिवशी माझा धागा हातभर निघाला. कुठे दोरीसारखा जाड, कुठे केसासारखा. आजींनी तो बोटांत धरून पाहिला, तुटलेलं टोक पेळूला लावून दिलं आणि टकळी पुन्हा माझ्या हातात ठेवली.