बोट कोठे अडते?

गेल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची मजुरी खात्यात जमा झाली आणि वडील एकटेच एका एटीएमवर पैसे काढायला गेले. आमच्या घरी तेलुगू बोलतात. वडिलांना मराठीही बोलता येते. पण वाचता कोणतीच लिपी येत नाही. पडद्यावर अक्षरे आली, त्यांचे बोट अडले, वेळ संपली आणि यंत्राने कार्ड परत केले. रिकाम्या हाताने घरी येऊन ते म्हणाले, "मलाच शिक्षण नाही, यंत्राला बोल लावून काय उपयोग?" ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले. चूक खरोखर त्यांचीच होती काय?

या प्रश्नाचा विचार करणारे एक शास्त्र आहे. बटणे, पडदा, अक्षरे, आवाज अशा ज्या भागांतून माणसाची यंत्राशी गाठ पडते, त्यांना मिळून 'यूझर इंटरफेस' म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, माणसे वारंवार चुकत असतील तर दोष बहुधा यंत्राच्या रचनेत शोधावा. म्हणून या क्षेत्रातील संशोधक वापरणाऱ्याला एखादे काम देतात, काही न शिकवता शेजारी बसतात आणि त्याचे बोट कोठे अडते ते टिपून घेतात. मग त्या जागी यंत्राची रचना बदलून पाहतात.

आपल्या भाषेतील उदाहरण घेऊ. इंग्रजी कळफलकाची मांडणी १८७० च्या दशकात अमेरिकेतील टंकलेखन यंत्रासाठी झाली. तीच पुढे संगणकावर आणि मोबाइलवर आली. त्यावर मराठी लिहिताना आपली दमछाक होते. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' नावाचा कळफलक तयार केला. तो २०१३ साली उपलब्ध झाला. त्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने आहेत. 'क' वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. हव्या त्या बाजूला बोट सरकवले की अक्षर तयार! पाटीवर गिरवलेली बाराखडीच येथे उपयोगी पडते.

पण ज्याने पाटीच पाहिली नाही, त्याचे काय? आपल्या इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडात २०१० साली 'सीजीनेट स्वरा' सुरू झाले. साध्या फोनवरून एक आकडा दाबून आपली तक्रार वा बातमी सांगायची, दुसरा दाबून इतरांची ऐकायची. गोंडी बोलणारेही त्यावर आपल्या भाषेत बोलू लागले. २०२५ साली केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे अनुवादाचे साधन आणले. त्यातही गोंडी आहे.

तरी पुढचे काम मोठे आहे. यंत्राला भाषा शिकवायची तर पुष्कळ ध्वनिमुद्रणे आणि मजकूर लागतो. मराठीच्या मानाने गोंडी आणि माडियात तो फारच थोडा आहे. शिवाय आमच्या सिरोंच्याच्या बाजारात एकाच वाक्यात तेलुगू आणि मराठी शब्द येतात. आणि आवाज हा सर्वच अडचणींवर उपाय नव्हे. एटीएमचा गुप्त आकडा मोठ्याने उच्चारला तर सारी रांग ऐकेल! अंधांसाठी बोलकी एटीएम यंत्रे आहेत. त्यांत हेडफोन लावून सूचना ऐकता येतात आणि आकडा बोटानेच दाबायचा असतो. अशीच सोय, सोबत चित्रे देऊन, निरक्षर माणसांसाठी का होऊ नये?

मित्रहो, हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. भाषा, समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचेही आहे. आपल्या आजीचे शब्द मुद्रित करणे, तिच्या शेजारी बसून तिचे बोट कोठे अडते ते लिहून ठेवणे, एवढे तर आपल्याला जमेल. माझ्या वहीचे पहिले पान मी वडिलांपासून सुरू केले आहे. "चूक तुमची नव्हती," हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते अजून पटलेले नाही.

(बी. ए. भाग दोन)