‘बाटिक प्रिंट’ म्हणून तुम्ही जे घेताय, ते खरंच बाटिक आहे का?

इन्स्टाग्रामवर कुर्ते किंवा गाऊन बघत असाल, तर ‘बाटिक प्रिंट’ हे शब्द तुम्ही नक्की वाचले असतील. गडद रंगाचं कापड, त्यावर पांढरट फुलं आणि सगळीकडे तडे गेल्यासारख्या बारीक रेघा. किंमत तीनशे-चारशे रुपये. दिसायला छान, अंगाला मऊ. मग अडचण काय?

अडचण नावात आहे. बाटिक म्हणजे मेण लावून कापड रंगवायची पद्धत. या कुर्त्यांपैकी बहुतेकांना मेणाचा एक थेंबही लागलेला नसतो.

कापड येतं कुठून?

ठाणे जिल्ह्यातलं भिवंडी हे देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. इथल्या लूमवरून उतरतं ते ‘ग्रे’ कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. सुती, रेयॉन, पॉलिस्टर, सगळं इथे विणलं जातं. त्यातलं बरंचसं प्रोसेसिंगसाठी बाहेरगावी जातं आणि तिथे मशीनवर हवी ती डिझाईन छापली जाते. एका ताग्यावर अजरख, दुसऱ्यावर कलमकारी, तिसऱ्यावर बाटिक. तडे गेल्यासारख्या त्या रेघासुद्धा छापलेल्याच असतात.

मग खरं बाटिक कसं करतात?

बाटिकचं सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे इंडोनेशियातलं जावा बेट. तिथे कारागीर वितळलेलं मेण ‘चांटिंग’ नावाच्या हत्यारात घेतात. चांटिंग म्हणजे बांबूच्या दांड्याला लावलेली तांब्याची इवलीशी वाटी, जिला बारीक नळी असते. या नळीतून गरम मेणाने कापडावर नक्षी काढायची. मग कापड रंगात बुडवायचं. मेण लावलेल्या जागी रंग शिरत नाही. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातलं की मेण निघून जातं आणि नक्षी उघडी पडते. दुसरा रंग हवा असेल तर पुन्हा मेण, पुन्हा रंग. एका बारीक नक्षीच्या कापडाला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

गंमत म्हणजे आपण ज्या तड्यांवरून बाटिक ओळखतो, ते जावाच्या उंची बाटिकमध्ये दोष मानले जातात. मेणाला तडा गेला म्हणजे हात चुकला!

नक्षीतून काय कळतं?

जावामध्ये नक्षीवरून माणसाचा मान आणि प्रसंग कळायचा. काही ठळक नक्ष्या अशा:

• पारांग: तिरप्या ओळींत एकात एक गुंतलेले वळणदार आकार. याचे काही प्रकार जोगजाकार्ता आणि सुराकार्ताच्या राजघराण्यांसाठी राखीव होते. सामान्य माणसाला ते नेसायची मनाई होती.

• कावुंग: एका बिंदूभोवती चार लंबगोल. ताडाच्या जातीतल्या एका झाडाचं फळ आडवं कापलं की असं दिसतं म्हणतात. ताडगोळे खाणाऱ्या आपल्याला हे पटकन समजेल.

• त्रुंतुम: ताऱ्यांसारखी बारीक फुलं. लग्नात वधू-वरांचे आईवडील ही नक्षी नेसतात.

• सिदोमुक्ती: ही वधू-वरांची नक्षी. इथे ‘मुक्ती’ म्हणजे मोक्ष नव्हे, सुखसमृद्धी.

• मेगा मेंडुंग: चिरेबोन शहराची ढगांची नक्षी. यातला ‘मेगा’ म्हणजे आपला मेघ. ढगांच्या आकारावर मात्र चिनी छाप आहे.

आणि एक नातं थेट आपल्या शेजारचं. गुजरातचा पटोला पूर्वी जहाजांतून इंडोनेशियात जायचा आणि तिथल्या राजघराण्यांत जपून ठेवला जायचा. त्याची नक्कल करता करता पेकालोंगान शहरात ‘जलाम्प्रांग’ ही बाटिक नक्षी तयार झाली.

स्वस्त नकलेचा त्रास जुनाच

एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी मशीनवर नकली बाटिक छापून जावात विकायचा घाट घातला. तिथल्या कारागिरांनी उत्तर म्हणून तांब्याचे ठसे आणले. या ठशांना ‘चाप’ म्हणतात. मेण खरंच लावायचं, पण ठशाने. त्यामुळे वेळ वाचला आणि पद्धतही टिकली. डचांच्या कापडाला पुढे पश्चिम आफ्रिकेत गिऱ्हाईक मिळालं. आज ‘आफ्रिकन वॅक्स प्रिंट’ म्हणून ओळखलं जाणारं कापड त्याच नकलेतून आलेलं आहे.

2 ऑक्टोबर 2009 रोजी युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तेव्हापासून तिथे 2 ऑक्टोबर हा बाटिक दिवस असतो. आपल्याकडे त्याच दिवशी गांधी जयंतीनिमित्त खादीची आठवण निघते.

भारतात खरं बाटिक मिळतं का?

मिळतं. उज्जैनजवळचं भैरूगढ आणि कच्छमधलं मुंद्रा-मांडवी ही त्याची नावाजलेली ठिकाणं. कच्छमध्ये लाकडी ठसा गरम मेणात बुडवून कापडावर उमटवतात. शांतिनिकेतनमध्येही बाटिक रुजलं. रवींद्रनाथ टागोर 1927 मध्ये जावाला जाऊन आले, त्यानंतर तिथे ते शिकवलं जाऊ लागलं.

ओळखायचं कसं?

1. कापड उलटं करून बघा. खऱ्या बाटिकमध्ये रंग आरपार जातो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. छापील कापडाची मागची बाजू बहुतेक वेळा फिकी असते.

2. तडे बघा. ठराविक अंतरावर हुबेहूब तीच रेघ पुन्हा आली, तर ते मशीनचं काम. खरा तडा दोनदा सारखा पडत नाही.

3. लेबल वाचा. पॉलिस्टर असेल तर विषय संपला. पॉलिस्टर रंगवायला कडक उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत मेण वितळून जातं.

4. ‘हँडलूम मार्क’वरून फसू नका. त्याने कापड हातमागावर विणलंय एवढंच कळतं. त्यावरची नक्षी मेणाची की छापील, हे कळत नाही.

मग छापील घ्यायचंच नाही का?

जरूर घ्या. त्यावरही हजारो लोकांचं पोट आहे. भिवंडीत रात्रपाळीत माग चालवणाऱ्याचे कष्ट काही खोटे नाहीत. शिवाय हे शहर स्वतः एकेकाळी हातमागाचं होतं आणि यंत्रमाग आल्यावर हातमाग मागे पडला. तिथे निदान मागाचं नाव तरी बदललं. बाटिकच्या बाबतीत पद्धत गेली आणि नाव तेच राहिलं. म्हणूनच भैरूगढच्या कारागिराने मेण लावून केलेली ओढणी महाग वाटते आणि गिऱ्हाईक त्याला विचारतं, “ऑनलाइन तर चारशेला मिळते!”

पुढच्या वेळी ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला मेसेजमध्ये एवढंच विचारा, “हे मेणाचं आहे की छापील?” उत्तर ‘छापील’ आलं आणि कपडा आवडला असेल, तर खुशाल घ्या. फक्त पैसे छापील कपड्याचेच द्या.