कॅमेरा सारखा बंद पडतोय? आधी वायरचा जोड तपासा

भुसावळ : केळीच्या बागेतला, खळ्यातला कॅमेरा मधूनच बंद पडतो अन् नेमकी तेव्हाच मोटारीची केबल चोरीला जाते. नवा कॅमेरा घेण्याआधी जोड बघा. पावसाचं पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात साधी वायर तडकते.

काय कराल? आधी वीज बंद करा. हिरवा पडलेला कनेक्टर कापून नवा बसवा. जोड झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवा. वायर डबीत खालूनच घ्या, थोडा झोळ सोडा. पाणी तिथूनच टपकेल. लॅनची वायर शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची घ्या, १०० मीटरपेक्षा लांब ओढू नका.

शेवटी रात्री तपासा. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते. कच्चा जोड तेव्हाच दगा देतो.